पुलावरची वैद्यीण

खेळाच्या जुन्या यंत्राच्या खाचेत कॅसेट बसली, बटण सरकलं, आणि पडद्यावर नेहमीच्या दोन ओळींऐवजी एकच ओळ आली. नवा खेळ. तिच्या वर असणारी 'पुढे चालू' ही ओळ गायब होती. तिने यंत्र बंद केलं, कॅसेट काढून लहानपणी फुंकायची तशी फुंकली, पुन्हा बसवली. नवा खेळ. मंगळवार होता, सुट्टीचा वार, सकाळचे अकरा वाजले होते, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्धा कप चहा गार होत होता. तिला फक्त एवढंच बघायचं होतं की जुन्या खेळातले तिरंदाज पुलाजवळ येऊन थांबतात की सरळ चालून येतात. दोन मिनिटांचं काम. तिसऱ्यांदा बटण सरकवलं तेव्हा तिला कळलं होतं काय झालंय ते. कॅसेटच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो, खेळ कुठवर आलाय हे तोच धरून ठेवतो. तो संपला की आतलं सगळं जातं. तीस वर्षं टिकला हेच नवल. बदलायचा म्हटला तरी काढताक्षणी सगळं पुसलं जाणार, म्हणून तिने तो कधी बदलला नव्हता. ती काम करायची त्या दवाखान्यात काही माणसं तपासणीच करून घेत नाहीत, रिपोर्टमध्ये काय येईल या भीतीने, तसंच. अशा माणसांना ती आत घेताना जरा दामटायची. स्वतःला दामटायला कुणी नव्हतं.

खेळ तसा साधा. पडद्यावर चौकोन आखलेला नकाशा, दर लढाईचा वेगळा, तुमची आठ माणसं, समोर शत्रू. आधी तुमच्या सगळ्यांनी एकेकदा हलायचं, मग शत्रूने, मग पुन्हा तुम्ही. घाई काही नाही, यंत्र तुमच्यासाठी दिवसभर थांबतं. फक्त एक नियम कडक होता. मेलेलं माणूस परत येत नाही. त्याचं नाव शेवटच्या पानावर फिक्या करड्या रंगात जाऊन बसतं आणि खेळ संपेपर्यंत तिथेच राहतं. त्या पानावर त्यांचं एकच नाव होतं, वैद्यिणीचं. ती आणि दादा हा खेळ वाटून खेळायचे. एक खेळी त्याची, एक हिची. ती दहा वर्षांची, तो चौदाचा, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आई पलीकडे टाइप करत बसलेली, आणि यंत्राचा आवाज शून्यावर, कारण आईच्या ओळी चुकायच्या. वैद्यीण हिची होती. दादाचे घोडेस्वार, दादाचा भालेवाला, आणि ही पांढऱ्या टोपीची बाई हिची, जी कुणाला मारत नाही, नुसती मागे राहून लागलेल्यांना बरं करते. पुलाच्या नकाशात दादाने तिला पुलावर सोडली आणि आपले घोडेस्वार पलीकडे काढले. तीस वर्षं हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याचा पुरावा त्या कॅसेटमध्ये होता. अधूनमधून ती यंत्र लावायची, शेवटचं पान उघडायची, फिकं नाव बघायची आणि बंद करायची. आता ते पानही नव्हतं.

आणि तिला अकरावा नकाशा शुक्रवारी संध्याकाळच्या आत पूर्ण करायचा होता. पाच वर्षं ती स्वतःचा तसाच एक खेळ करत होती. सकाळी सात ते तीन क्ष-किरण विभागात, शिशाचा जड एप्रन चढवायचा उतरवायचा, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका, सोडा. घरी आली की जेवून टेबलाशी. माणसं ती सोळा ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच काढायची, जुन्या यंत्रासारखी चारच छटांत. लोकांना वाटायचं एवढ्यात काय चेहरा येणार. पण ती दिवसभर माणसांना करड्या रंगांतच बघायची. हाड, मांस, पाणी, हवा. चार छटांत माणसाचं काय काय दिसतं हे तिला चांगलं माहीत होतं. खेळाचं संगीत दुसऱ्या गावात राहणारा तिचा एक जुना सहकारी करायचा, पूर्वी याच दवाखान्यात यंत्रं दुरुस्त करायला होता. त्याला सगळे बाजा म्हणत. खेळ आधी खेळून बघणारी तेरा माणसं होती, त्यांना बाजा 'चाखणारे' म्हणायचा. त्या तेरांतल्या नऊ जणांनी खेळ अकराव्या नकाशावर सोडून दिला होता. अकरावा नकाशा म्हणजे पूल. तो तिने असा रचला होता की सहाव्या खेळीला पूल तुटायचाच, आणि तो तुटताना मागे कोण राहणार हे खेळच ठरवायचा. वैद्यीण. तुम्ही तिला कुठेही ठेवा, ती स्वतःहून पुलावर जायची, 'तुम्ही पुढे व्हा' म्हणायची आणि फिक्या नावांच्या पानावर जाऊन बसायची.

दुपारी बाराच्या सुमाराला बाजाचा फोन आला. "झाला का पूल?"

"होईल."

"पाच वर्षं मी एका पुलाला चाल लावतोय. एवढ्यात खरा पूल बांधून वाहतूक सुरू झाली असती." मग तो जरा थांबला. त्याचं थांबणं तिला ओळखू यायचं, विनोद संपला की तो असा थांबायचा. "ऐक. शुक्रवारी खेळ त्या नव्या खेळांच्या मेळाव्याकडे गेला नाही तर पुन्हा वर्षभर थांबायला लागेल. मी नाही थांबणार. मला त्या शाळेत शिकवायला बोलावलंय, मी त्यांना सोमवारी कळवतो म्हटलंय. रागाने नाही सांगत."

"माहीत आहे."

"तो चाखणारा काय म्हणाला होता ते परत एकदा वाच फक्त."

तिला ते वाचायची गरज नव्हती. एका चाखणाऱ्याने लिहिलं होतं: माझ्या हातून मेली असती तर चाललं असतं. तुम्ही मारलीत. हे वाक्य दोन महिने तिच्या अंगात कुसळासारखं रुतून होतं. बाजा म्हणायचा बदल, ती म्हणायची नाही. असंच झालं होतं म्हणायची. कुठे झालं होतं, असं बाजाने कधी विचारलं नाही. तिने फोन ठेवला आणि उभी राहून त्या हिरवट पडद्याकडे बघत राहिली. नक्की कसं झालं होतं? तिला दादाचा अंगठा आठवत होता, नख चावलेलं. पडद्यावर पांढरी टोपी नसणं आठवत होतं. आई दारात येऊन काय झालं म्हणाली ते आठवत होतं. पण वैद्यीण पुलाच्या कुठल्या चौकोनात होती, किती खेळी झाल्या होत्या, तिरंदाज कुठे होते, यातलं काही म्हणजे काही आठवेना. फोटोत बरगड्या लख्ख आणि नेमकं जिथे बघायचं तिथे पांढरं धुकं, तसं. ज्याच्या जोरावर ती दोन महिने नाही म्हणत आली होती, ते तिने पाहिलेलंच नव्हतं असं तिला पहिल्यांदा वाटलं.

विचारायला जगात एकच माणूस होता, आणि त्याच्याशी ती चौदा महिने नीट बोलली नव्हती. दादा लांबच्या बंदरात क्रेन चालवायचा, दीड दिवसाच्या प्रवासावर. आई गेली तेव्हा तो पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. घरात चार शेजारणी होत्या. तो बॅग हातात तशीच धरून स्वयंपाकघरात आला, आणि ती ओट्याशी पाठ करून उभी होती, आणि वळून म्हणाली, "सगळं संपल्यावर यायची तुला सवयच आहे." शेजारणींनी माना खाली घातल्या. दादाने चहा घेतला, कप विसळून पालथा घातला, दोन दिवस राहून आईची कपाटं रिकामी करायला मदत केली आणि गेला. त्यानंतर कागदपत्रांचे निरोप, पोचलं, मिळालं, ठीक आहे. त्या वाक्याची तिला लाज वाटायची, पण वाक्य चूक होतं असं तिला कधी वाटलं नव्हतं. माणसाची सवय ती सवय. पुलावरही तो असाच पलीकडे निघून गेला होता.

बारा पस्तीसला तिने फोन लावला. ही त्याची जेवणाची वेळ, हे तिला अजून पाठ होतं.

"काय झालं?" त्याने उचलल्या उचलल्या विचारलं. इतक्या दिवसांनी फोन आला की माणूस आधी हेच विचारतो.

"काही नाही. कॅसेटमधला सेल गेला. आपला खेळ पुसला."

पलीकडे वारा होता, लोखंडाचा आवाज होता. मग तो म्हणाला, "म्हणजे तू अजून लावत होतीस?"

"कधीतरी. दादा, एक विचारायचंय. पुलाचा नकाशा आठवतो? तू वैद्यिणीला कुठल्या चौकोनात सोडलंस?"

"मी?"

"हो. तू पलीकडे गेलास तेव्हा."

तो काहीतरी चावत होता, ते चावणं थांबलं. "मी नव्हतोच गं तिथे. सेल आणायला खाली गेलो होतो. यंत्राचा लाल दिवा मंद झाला होता. तुला म्हणालो काही हलवू नकोस, आलोच. दुकानात गर्दी होती. वर आलो तर तू रडत होतीस आणि बाई मेलेली."

"मी काय केलं होतं?"

"खेळी संपवली होतीस. दिवा विझत आला म्हणून घाबरलीस. यंत्र बंद पडलं तर सगळं जाईल, जपून ठेवायला हवं, आणि जपून ठेवायचं तर आधी खेळी संपवावी लागायची. बाई पुलाच्या मध्यावर उघडीच होती. तू खेळी संपवलीस, त्यांच्या तिरंदाजांनी पाडली, आणि यंत्राने तेच जपून ठेवलं. मग काय करणार." तो थोडा हसला. "बरोबरच होतं तुझं, तसं बघितलं तर. बाकीचे सात जण वाचले."

"मी आईला सांगितलं तू मारलीस म्हणून."

"हो."

"आणि तू?"

"मी हो म्हटलं. तू दहा वर्षांची होतीस. तीन दिवस जेवत नव्हतीस धड. मी म्हटलं असतं तूच मारलीस, तर काय ती उठून बसणार होती?"

ती टेबलाची कड धरून खाली बसली. दिवा विझत चाललेला असताना आपल्याला सगळं सांभाळता येईल असं वाटणं, आणि ज्याला हाक मारायची त्याची वाट न बघणं. हे तिला कुणी समजावून द्यायला नको होतं. आईचा फोटो तिने स्वतः काढला होता. सोमवारी सकाळी, पहिलाच. आई हनुवटी टेकून उभी, श्वास घे म्हटलं तर पुरता घेता येईना, आणि पडद्यावर उजव्या बाजूला खाली पांढरं. दाखवायचं त्या डॉक्टरांना दाखवलं, भरती केलं, आणि ठरवलं की दादाला इतक्यात कळवायचं नाही. तो दीड दिवस लांब, उंचावर बसून काम करतो, उगाच जीव टांगणीला कशाला. दोन दिवसांत उतार पडेल, मग सांगू. मंगळवार. बुधवार. आई विचारायची, त्याला कळवलंस का, आणि ती म्हणायची कळवते. शुक्रवारी कळवलं. तो त्याच संध्याकाळी निघाला. हे सगळं तिला नेहमीच ठाऊक होतं, तारखांसकट. नुसतं ते एका जागी ठेवून कधी बघितलं नव्हतं.

"आहेस का?" दादाने विचारलं.

"आईचं मी तुला पाचव्या दिवशी सांगितलं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा सरळ निघाला. "पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. ती विचारत होती तुझ्याबद्दल. आणि मी तुला तसं बोलले, चारचौघींत."

पलीकडे डबा बंद केल्याचा आवाज आला.

"मी आलो असतो तरी तो फोटो बदलला नसता," तो म्हणाला.

"पण तू आला असतास."

"आलो असतो. हे मला तेव्हाच माहीत होतं, बारके. भरतीची तारीख कागदावर होती. पण तू सांगशील म्हणून थांबलो होतो." लांब कुठेतरी भोंगा वाजला. "चल, वर चढायची वेळ झाली. नव्वद पायऱ्या आहेत."

"जा. सावकाश चढ."

तिने गार चहा मोरीत ओतला, तोंडावर पाणी मारलं आणि टेबलावरचं जुनं यंत्र कपाटात ठेवून दिलं. रडायला झालं नाही. डोकं मात्र ताप उतरल्यावर होतं तसं हलकं आणि कोरडं झालं होतं. तिने अकरावा नकाशा उघडला आणि पूल तोडणाऱ्या ओळी काढून टाकल्या. सतरा ओळी. मग वैद्यिणीला स्वतःहून पुलावर नेणाऱ्या नऊ ओळी, मग तिचं ते वाक्य. काढून टाकणं सोपं होतं, पंधरा मिनिटांत झालं. त्यानंतर जो पूल उरला तो नुसता पूल होता, आणि त्यावरून सगळे आरामात चालत गेले, आणि नकाशात काही दम उरला नाही. तो दम आता खेळणाऱ्याच्या हातातून यायला हवा होता. तिने फळ्या कुरकुरत्या केल्या, एका वेळी तीनच माणसं पेलतील अशा. तिरंदाजांना पुलाच्या तोंडाशी थांबायला लावलं. मागून येणारं शत्रूचं पथक दर खेळीला दोन चौकोन पुढे सरकेल असं केलं, म्हणजे घाई वाटावी पण ती कुणी सांगू नये. खेळी कधी संपवायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. वैद्यीण वाचू शकते. मरू शकते. मेली तर कुणी भाषण करत नाही, नाव फिकं होतं आणि उरलेले चालू लागतात.

बुधवारी आणि गुरुवारी कामावरून आल्यावर ती तीच लढाई खेळत राहिली. बाण एक घरच लांब गेला की वैद्यीण कुणाच्याच हाती वाचायची नाही, एक घर कमी केला की पोरखेळ व्हायचा. फळीचं वजन बदललं, तिरंदाजांची उभी राहायची जागा बदलली, घोडेस्वारांचा पुलावरचा वेग कमी केला. कागदावर रेघा मारल्या. चाळीस वेळा खेळली, अकरा वेळा वैद्यीण वाचली. उरलेल्या एकोणतीस वेळांत प्रत्येक वेळी तिला सांगता येत होतं की कुठल्या खेळीला आपण उतावळेपणा केला. एवढं झाल्यावर तिने पेन खाली ठेवलं. गुरुवारी संध्याकाळी बाजाने नवा नकाशा खेळून बघितला. तासाभराने त्याचा फोन आला.

"माझी मेली," तो म्हणाला.

"कितव्या खेळीला?"

"सातव्या. मला वाटलं निघून जाईल. मी, मीच गं, बटण दाबलं आणि..." तो थांबला. यावेळचं थांबणं वेगळं होतं. "जुनी चाल इथे नाही चालणार. ती फार मोठ्याने रडते. मी उद्या दुपारपर्यंत दुसरी देतो. चारच सूर."

"तीनपर्यंत दे."

"तू अशी माणसं दामटतेस म्हणून तुझे फोटो हलत नाहीत."

त्याने अडीचला दिली. शुक्रवारी साडेपाच वाजता खेळ मेळाव्याकडे गेला, आणि तिने खिडकी उघडली, कपडे धुतले, लवकर झोपली. सोमवारी बाजाने शाळेला काय कळवलं ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. तीन आठवड्यांनी मेळाव्याचं पत्र आलं. खेळ घेतला होता. मुख्य दालनात नाही, मागच्या दालनात, प्रसाधनगृहाकडे जाणाऱ्या वाटेवरचं टेबल. बाजा म्हणाला, चांगलंच आहे, तिथून सगळ्यांना जावंच लागतं. तिने दादाला तारखा कळवल्या. त्याचं उत्तर आलं, बघतो.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. बंदरातले जाड तळव्याचे बूट, हातात तीच बॅग. इतक्या रंगीत दिव्यांत तो वाट चुकून आलेल्या मिस्तरीसारखा दिसत होता. तिने पाणी दिलं. तो म्हणाला, गाडी वेळेत होती. ती म्हणाली, बरं झालं. मग त्याने टेबलावरच्या पडद्याकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि बसला. टेबलावर अकरावाच नकाशा लावलेला होता. क्रेनचे दांडे ओढणारे त्याचे मोठे हात त्या छोट्या बटणांवर अवघडल्यासारखे दिसत होते, पण तो एकही बटण चुकीचं दाबत नव्हता. त्याने आधी दोन घोडेस्वार पलीकडे नेले. मग भालेवाल्याला परत पुलावर आणलं, जे आजवर एकाही चाखणाऱ्याने केलं नव्हतं, आणि वैद्यिणीच्या पुढे उभं केलं. आणि मग तो थांबला. हात मांडीवर ठेवून नुसता पडद्याकडे बघत राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागे सहा-सात जण उभे राहिले होते. एका बाईने घड्याळ बघितलं.

बाजा तिच्या कानाशी आला. "उठव ना त्यांना. दहा मिनिटांचा नियम आहे, तूच पाटी लावलीस."

"बसू दे."

"रांग लागलीय गं. परीक्षकसुद्धा उभे आहेत, तो निळ्या शर्टातला बघ."

"पाटी काढ," ती म्हणाली.

बाजाने तिच्याकडे पाहिलं, दादाच्या पाठीकडे पाहिलं, आणि पाटी काढून टेबलाखाली ठेवली. निळ्या शर्टाच्या परीक्षकाने हाताची घडी घातली आणि जरा पुढे झुकून नकाशा बघायला लागला. पडद्यावर शत्रूचं पथक मागच्या टेकडीवर येऊन उभं होतं. फळी दोन माणसांच्या वजनाने करकरत होती. बाजाचे चार सूर येत होते, जात होते. दादाने मान वळवली नाही.

"बारके," तो म्हणाला, "हा कडेचा तिरंदाज एका खेळीत किती चौकोन येतो?"

दोन दिवस तिने कुणालाही काही सांगितलं नव्हतं. विचारणाऱ्याला ती म्हणायची, खेळून बघा.

"तीन," ती म्हणाली, आणि शेजारची खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.